एकेकट्या असताना शहाण्या

संकेतस्थळं सांभाळणाऱ्या माणसाच्या नशिबी एक तक्रार ठरलेली असते. 'कालपर्यंत स्लायडर चालत होता, आज बंद आहे. आम्ही तर कशालाच हात लावला नाही.' थोडं खोदून विचारलं की कळतं, हात लावला नाही म्हणजे चौकशीचा फॉर्म दाखवणारं एक प्लगिन तेवढं बसवलं. फॉर्म व्यवस्थित चालतो. ज्या पानावर फॉर्म नाही तिथे स्लायडरही व्यवस्थित चालतो. दोघं एका पानावर आले की एकाने मान टाकलीच. स्लायडरवाल्यांना लिहावं, तर ते म्हणतात, आमच्याकडे चालतोय. फॉर्मवाल्यांचंही उत्तर तेच. आणि पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलत असतात.

जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांची भांडणं हा या पुस्तिकेचा विषय आहे. एकेकट्या असताना शहाण्यासारख्या वागणाऱ्या या लायब्रऱ्या एकत्र आल्या की का बिथरतात, आणि ते निस्तरायला बसणाऱ्याने धागा कुठून पकडावा, एवढंच तिच्यात सांगितलं आहे. बाजारात जावास्क्रिप्ट शिकवणारी पुस्तकं ढीगभर आहेत. ती एक लायब्ररी घेतात आणि ती एकटी कशी चालवायची ते दाखवतात. प्रत्यक्षात मात्र कुठलंही पान उघडा, त्यावर थीमची स्क्रिप्ट असते, चार प्लगिनांच्या चार असतात, भेटी मोजणारी एक, जाहिरातींची एक, आणि 'चॅट विथ अस'वाली एक कोपऱ्यात टपून बसलेली. हे सगळे एकमेकांना न ओळखणारे लोक, आणि त्यांनी लिहिलेला कोड एकाच ठिकाणी येऊन पडतो.

ते ठिकाण समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला नमुना उभा केला. फॉर्म पाठवण्याआधी तपासावा, बटण दाबलं की काहीतरी हलावं, असल्या किरकोळ कामांसाठी ती होती. एका पानावर पंधरा जणांचा कोड नांदेल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाला आपापली खोली द्यावी अशी सोयच भाषेत नव्हती. स्वतंत्र मॉड्यूल भाषेच्या मानकात आली ती २०१५ साली, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी. तोवर फंक्शनबाहेरची सगळी नावं 'विंडो' नावाच्या एकाच ग्लोबल वस्तूवर जाऊन चिकटत. चावडीवरच्या फळ्यासारखा तो प्रकार: ज्याने शेवटी लिहिलं त्याचंच उरलं, आणि आधीचं कुणी पुसलं याची कुठे नोंद नाही.

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत या फळ्यावर खरी झुंबड उडाली. सॅम स्टीफन्सन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी २००५ची. जॉन रेसिग यांनी जेक्वेरी २००६च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका बारकॅम्पमध्ये लोकांपुढे मांडली. वालेरिओ प्रोएत्ती यांची मूटूल्सही त्याच वर्षीची. तिघांचं दुखणं एकच होतं. पानावरचा एखादा घटक हातात घ्यायचा तर 'डॉक्युमेंट डॉट गेट-एलिमेंट-बाय-आयडी' एवढं लांबलचक दर वेळी टंकावं लागे, आणि त्यातून इंटरनेट एक्सप्लोररचं वागणं बाकीच्यांपेक्षा निराळं. लांब नावाला आखूड नाव हवं होतं. भाषेच्या नियमांत डॉलरचं चिन्ह नाव म्हणून चालतं, ते एका अक्षराचं आहे आणि सहसा कुणी वापरत नाही. प्रोटोटाइपने ते उचललं. मग जेक्वेरीने. मग मूटूल्सनेही. 'सहसा कुणी वापरत नाही' हे तिघांच्या बाबतीत एकाच वेळी खरं राहू शकत नव्हतं.

जेक्वेरीने यावर काढलेली तोड मला अजूनही त्या काळातली सर्वांत सुसंस्कृत तोड वाटते. डॉलरच्या नावावर ताबा घेण्याआधी ती त्या नावाखाली काय होतं ते स्वतःजवळ जपून ठेवते. पुढे कुणी 'नो-कॉन्फ्लिक्ट' हे तिचं फंक्शन चालवलं, की ती आधी पाहते, हे नाव अजून आपल्याच ताब्यात आहे का? असेल, तर जपलेलं जागच्या जागी ठेवते आणि स्वतः 'जेक्वेरी' या लांब नावावर समाधान मानते. नसेल, म्हणजे मागाहून आलेल्या कुणी ते आधीच बळकावलं असेल, तर ती त्याला हात लावत नाही. त्याच फंक्शनला 'ट्रू' सांगितलं तर लांब नावही परत करते. अर्थात हे सगळं क्रमावर अवलंबून. प्रोटोटाइप आधी आणि जेक्वेरी नंतर आली, तर नो-कॉन्फ्लिक्ट चालवणं भाग आहे. उलट्या क्रमात डॉलर आपसूक प्रोटोटाइपकडे जातो, आपण फक्त लांब नाव वापरायचं. कित्येक जण हा क्रम न पाहता ती ओळ कुठूनतरी उचलून पानाच्या तळाला चिकटवतात आणि 'लावलं तरी फरक पडत नाही' म्हणून हवालदिल होतात.

वर्डप्रेसने तर आपल्या पोटातली जेक्वेरी याच नो-कॉन्फ्लिक्ट अवस्थेत ठेवली आहे. म्हणून बाहेरून आणलेला, डॉलरने सुरू होणारा अगदी शुद्ध कोडही तिथे 'डॉलर इज नॉट अ फंक्शन' असं म्हणून थांबतो. उपाय एका ओळीचा आहे: सगळा कोड एका फंक्शनच्या आत घ्यायचा, त्या फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव डॉलर ठेवायचं आणि त्याला जेक्वेरी द्यायची. बाहेर डॉलर कुणाचाही असो, आत तो आपला.

सुरुवातीच्या स्लायडरचं काय झालं तेही आता सांगता येईल. थीमने जेक्वेरी आणली, स्लायडरच्या स्क्रिप्टने त्या जेक्वेरीवर स्वतःची नोंद केली. इथपर्यंत ठीक. मग फॉर्मचं प्लगिन आलं आणि त्याने विश्वास नको म्हणून स्वतःच्या गाठोड्यातली जेक्वेरीची आणखी एक प्रत ओतली. आता डॉलर आणि जेक्वेरी ही दोन्ही नावं या नव्या प्रतीकडे बोट दाखवतात. नवी प्रत कोरी करकरीत. तिच्यावर स्लायडरची नोंद नाही. पानाच्या तळाची ओळ 'स्लायडर सुरू कर' म्हणते तेव्हा उत्तर येतं, असं फंक्शनच नाही. स्लायडरची फाइल उतरलेली असते, नेटवर्कच्या यादीत ती हिरवीगार दिसते, आणि तरी 'नाही'. अशा वेळी कन्सोलमध्ये जेक्वेरीची आवृत्ती विचारावी आणि नेटवर्कच्या यादीत जेक्वेरीच्या फाइली किती आहेत ते मोजावं. दोन निघाल्या तर चोर सापडला. औषध म्हणजे एक प्रत काढणं आणि प्लगिनला वर्डप्रेसने ठरवून दिलेल्या पद्धतीने स्क्रिप्ट नोंदवायला लावणं. स्क्रिप्टांची जागा वर-खाली करून काम भागवणारे आहेत. ते पुढच्या अपडेटपर्यंतच भागतं.

नावांची भांडणं ही अशी मिटतात. लोकांचा समज असा, की सगळी भांडणं नावांचीच असतात. मला या पुस्तिकेत ज्या गोष्टीवर भर द्यावासा वाटला ती वेगळी आहे: जी वस्तू आपली नाही तिच्यात कुणीतरी फेरफार करून ठेवतं, आणि तो फेरफार भलत्याच्याच पायात येतो. हे प्रकार नो-कॉन्फ्लिक्टने सुटत नाहीत, आणि बरेचदा कन्सोलमध्ये एरर म्हणून दिसतही नाहीत.

एक उदाहरण जवळून पाहू. मॅजेंटोच्या पहिल्या पिढीवर चालणारी दुकानं प्रोटोटाइप लायब्ररी सोबत घेऊनच येत. पुढे ट्विटरमधून २०११ साली बूटस्ट्रॅप बाहेर आलं आणि प्रत्येक दुकानदाराला ते हवं झालं. बूटस्ट्रॅपला तेव्हा जेक्वेरी लागे, म्हणून जेक्वेरी आली, नो-कॉन्फ्लिक्ट लावलं, पान उघडलं, सगळं झकास. मेनूवर टिचकी मारली, यादी खाली उघडली. दुसरीकडे कुठेतरी टिचकी मारली, तर यादी मिटली आणि तिच्यासोबत मेनूतला तो अख्खा शब्दच गडप झाला. कन्सोलमध्ये चकार शब्द नाही.

घडतं ते असं. यादी मिटवण्याआधी बूटस्ट्रॅप त्या मेनूच्या घटकावर 'हाइड' नावाची घटना जाहीर करतं: मी मिटवतोय, कुणाला हरकत असेल तर सांगा. जाहीर करण्याचं काम जेक्वेरी करते. जेक्वेरीची एक जुनी सवय आहे. घटना जाहीर करून झाली की ती पाहते, त्या घटकावर याच नावाचं फंक्शन आहे का. असेल तर तेही चालवते. सवय वाईट नाही, 'फोकस' किंवा 'सबमिट' जाहीर केल्यावर ब्राउझरचं खरं फोकस, खरं सबमिट व्हावं यासाठी ती आहे. ब्राउझरच्या घटकांवर मुळात 'हाइड' नावाचं काही नसतं. पण या पानावर प्रोटोटाइप आहे, आणि तिने पानावरच्या यच्चयावत घटकांच्या साच्यातच 'हाइड' घालून ठेवलं आहे. ते करतं काय, तर घटक सरळ दिसेनासा करतं. बूटस्ट्रॅपने विचारलेला प्रश्न प्रोटोटाइपच्या कानात हुकूम म्हणून पडतो. तिघांपैकी कुणाच्याही कोडमध्ये चूक नाही. स्वतंत्रपणे तपासल्या तर तिन्ही लायब्रऱ्या पहिल्या वर्गात पास होतील.

दुसरा प्रकार याच घरातला. प्रोटोटाइपच्या १.६ आवृत्तीने सगळ्या ॲरेंच्या साच्यात 'टू-जेसन' नावाची मेथड घातली होती, कारण तेव्हा ब्राउझरांना स्वतःहून जेसन लिहिता येत नव्हतं. पुढे २००९च्या सुमारास ब्राउझर ते शिकले, आणि मानकात असं ठरलं, की एखाद्या वस्तूवर 'टू-जेसन' असेल तर आधी तिला विचारावं. झालं! ब्राउझर विचारी, प्रोटोटाइप आयती मजकुराची दोरी हातात देई, आणि ब्राउझर त्या दोरीवर पुन्हा अवतरणचिन्हं चढवी. सर्व्हरला यादीऐवजी यादीसारखी दिसणारी एक ओळ मिळायची. दोष सर्व्हरच्या माथी मारून तिथला कोड बदलणारे महाभाग त्या काळात कमी नव्हते. १.७ आवृत्तीत ही भानगड निस्तरली गेली, पण १.६ला चिकटून बसलेली पानं पुढेही बरीच टिकली.

आणि हे फक्त दोन लायब्रऱ्यांच्या भांडणापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. २०१८मध्ये भाषेचं मानक ठरवणाऱ्या टीसी-३९ या समितीपुढे ॲरेमधल्या आतल्या ॲरे सपाट करणारी 'फ्लॅटन' ही मेथड होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली मात्र, मूटूल्स वापरणारं एक संकेतस्थळ मोडलं. मूटूल्सची स्वतःची 'फ्लॅटन' कधीपासून होती. ती ॲरेच्या साच्यावर लिहिली जाई आणि मग मूटूल्स त्या साच्यातल्या मोजता येणाऱ्या मेथडी एकेक करून स्वतःच्या घटकसंग्रहावर उतरवून घेई. ब्राउझरची अंगभूत मेथड अशा मोजणीत येत नाही. तिच्याच नावावर मूटूल्सने आपली लिहिली तरी ते न मोजण्याचं लेबल तसंच राहतं. म्हणून उतरवून घेताना 'फ्लॅटन' निसटली आणि तिच्यावर विसंबलेला कोड कोसळला. कुणीतरी गमतीने 'स्मूश' असं पर्यायी नाव सुचवलं, लोकांनी ते खरं मानलं आणि मोठा गदारोळ झाला. शेवटी 'फ्लॅट' हे नाव ठरलं आणि २०१९च्या मानकात आलं. आधीही एकदा याच मूटूल्सपायी 'कंटेन्स' सोडून 'इन्क्लूड्स' घ्यावं लागलं होतं. चार लोकांनी २००६मध्ये सोयीसाठी घेतलेल्या एका निर्णयाने बारा वर्षांनी अख्ख्या भाषेला तिच्या स्वतःच्या घरात नाव बदलायला लावलं. 'जुनी पानं मोडू नयेत' हा समितीचा हट्ट अनेकांना जाचतो. मला तो पटतो. ज्याचं पान मोडलं असतं त्याला टीसी-३९ म्हणजे काय हेही ठाऊक नसतं.

आपल्याकडे दिसणारा एक प्रकार इथे नोंदवायला हवा. सहकारी संस्था, ग्रंथालयं, छोटी मराठी नियतकालिकं यांच्या जुन्या संकेतस्थळांवर रोमन कळफलकावरून मराठी उमटवणाऱ्या स्क्रिप्ट बसवलेल्या असत. अशी स्क्रिप्ट पानावरची प्रत्येक कळ आधी स्वतः पकडते, मूळ अक्षर अडवते आणि त्याजागी देवनागरी घालते. रकाना ईमेलचा आहे की अभिप्रायाचा, हे तिला कोण सांगणार? शेजारी फॉर्म तपासणारं प्लगिन असलं की गंमत पाहावी. काही वेळा ईमेलच्या रकान्यात देवनागरी उमटते आणि प्लगिन ते नाकारतं. काही वेळा याच्या उलट: कुणीतरी घटना हाताळून शेवटी 'रिटर्न फॉल्स' लिहिलेलं असतं, आणि जेक्वेरीत त्याचा अर्थ दुहेरी होतो, मूळ कृती थांबव आणि ही घटना वरच्या घटकांपर्यंत जाऊही देऊ नकोस. मग वर बसून ऐकणाऱ्या स्क्रिप्टला कळ दाबल्याचा पत्ताच लागत नाही. हेतू फक्त पहिला असेल तर तेवढंच मागावं.

मॉड्यूल आली, एनपीएम आलं, सगळं बांधून एक फाइल देणारी साधनं आली, आता हा इतिहास कशाला, असं तरुण मंडळी विचारतील. भांडणं मिटली नाहीत, ती आत सरकली. रिॲक्टमध्ये २०१९ साली हुक्स आल्यापासून 'इनव्हॅलिड हुक कॉल' ही एरर ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिच्या कारणांत 'एकाच ॲपमध्ये रिॲक्टच्या दोन प्रती' हे वाचलं असेलच. स्लायडरचीच गोष्ट, कपडे नवे. रिक्वायर-जेएस असलेल्या पानावर साध्या स्क्रिप्ट टॅगने एखादी लायब्ररी टाकली, की ती रिक्वायर-जेएसला ओळखते, ग्लोबल नाव घेतच नाही, आणि निनावी मॉड्यूल म्हणून नोंद करू जाते. रिक्वायर-जेएस म्हणतं, ही निनावी नोंद कुणाची? शिष्टाचार दोघांनी पाळला, काम मात्र अडलं.

एरर वाचण्याबद्दल या पुस्तिकेत एक मोठं प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. कन्सोलमधली पहिली एरर महत्त्वाची, शेवटची नव्हे. एक स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी पुढच्या चालत राहतात, आणि तिने जे करून ठेवायला हवं होतं ते न मिळाल्याने एकेक करून रडतात. आपण नेमके शेवटच्या रडणाऱ्याची समजूत काढत बसतो. नुसतं 'स्क्रिप्ट एरर' एवढंच हाती आलं तर ती चूक दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या फाइलीत आहे आणि ब्राउझर मुद्दाम तपशील झाकतोय. अनेक फाइली जोडून एक केल्यावरच 'नॉट अ फंक्शन' येऊ लागलं, तर पहिल्या फाइलीच्या शेवटी अर्धविराम आहे का ते पाहावं. तो नसला आणि पुढची फाइल कंसाने सुरू होत असली, की आधीच्या फंक्शनचं उत्तरच फंक्शन समजून चालवलं जातं. जुन्या प्लगिनांची पहिली ओळ अर्धविरामाने का सुरू होते, याचं कारण हे. आणि काहीच सुचलं नाही तर निम्म्या स्क्रिप्ट ब्राउझरच्या साधनांतून रोखून पान उघडावं. दोष दोघांच्या भांडणाचा असला तर एकाला रोखलं की तो जातो. सोळा स्क्रिप्टांतून एक वेगळी काढायला चार फेऱ्या पुरतात. दुसरा भिडू मग तसाच शोधावा. सगळ्या कोडभोवती 'ट्राय-कॅच' गुंडाळून कन्सोल शांत करण्याची एक पद्धत आहे. ती सांगणाऱ्याचं पुढचं काहीही ऐकू नये, असं माझं मत आहे.

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे ते बहुतेक दुसऱ्याने लिहिलेली संकेतस्थळं सांभाळतात. मूळ बनवणारा नोकरी सोडून गेलेला असतो, थीम विकणारी कंपनी उत्तर देत नाही, आणि प्लगिनं एकाच्या उरावर एक चढवलेली असतात. वर्डप्रेसने ५.५ आवृत्तीत, ऑगस्ट २०२०मध्ये, जुन्या कोडला सांभाळून घेणारी जेक्वेरी मायग्रेट ही स्क्रिप्ट आपोआप देणं थांबवलं, तेव्हा अशाच संकेतस्थळांच्या फोटो गॅलरी आणि मेनू जागोजागी बंद पडले. जेक्वेरीने २०१३मध्ये १.९ आवृत्तीत काढून टाकलेल्या मेथडी सात वर्षं फक्त तिच्या मेहेरबानीवर चालत होत्या. त्या वेळी वर्डप्रेसवाल्यांनी ती स्क्रिप्ट परत आणून देणारं प्लगिन काढलं, आणि ते कोणती जुनी मेथड कुठल्या फाइलीत वापरली आहे याची नोंदही देत असे. बहुतेकांनी प्लगिन बसवलं. नोंद वाचणारे थोडे निघाले. या पुस्तिकेचं पाचवं प्रकरण त्या नोंदी वाचण्यावर आहे.

प्रकरणं क्रमानेच वाचली पाहिजेत असं नाही. जुनं मॅजेंटो किंवा जूमला ज्यांच्या गळ्यात आहे त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी; फक्त रिॲक्टवर काम करणाऱ्यांना दुसरं प्रकरण चाळलं तरी पुरे. प्रत्येक प्रकरणासोबतचं उदाहरणाचं पान मुद्दाम मोडकं ठेवलं आहे. ते ब्राउझरमध्ये उघडावं, कन्सोल शेजारी ठेवावं, आणि उत्तराचं पान उलटण्याआधी दोन्ही लायब्रऱ्या आळीपाळीने रोखून पाहाव्यात.